ओल्या भिंतीवरील वीज

कायद्याचीं पुस्तकें करमणुकीसाठीं वाचण्याची चाल आपल्या लोकांत नाहीं, आणि विजेच्या तारांसंबंधींची नियमावली तर धंदेवाईकांवांचून कोणीच उघडीत नाहीं. तथापि न्यू जर्सींत मुलीच्या घरीं राहिलों असतां अमेरिकेचा ‘नॅशनल इलेक्ट्रिकल कोड’ आमच्या हातीं आला, व घराबाहेरील सॉकेटांविषयींचीं त्यांतील कलमें आम्हीं कादंबरीच्या आवडीनें वाचलीं. त्याची पहिली आवृत्ति १८९७ सालची. दर तीन वर्षांनीं तो सुधारून निघतो, व एखाद्या राज्यानें स्वीकारल्यावर तेथें त्यास कायद्याचें बळ येतें.

वाचनास कारणहि तसेंच होतें. दिवाळीचा आकाशकंदील टांगावयाचा होता. मागील भिंतीवरील जुन्या सॉकेटाचें झांकण तुटलेलें, आणि खालच्या ओल्या हिरवळीवर चार वर्षांची नात अनवाणी धांवणारी. आमच्या जांवयांचें म्हणणें, जुन्या घरास नवा नियम लागू नाहीं. तें खरेंहि आहे. मात्र जुनें सॉकेट बदलावयाचें ठरलें कीं त्या जागीं नव्या नियमाचेंच बसवावें लागतें. म्हणून पुष्कळ गृहस्थ तें बदलीतच नाहींत! सवलतीचा हा उपयोग आम्हांस मुळींच पटत नाहीं. आम्हीं हट्ट धरून तें बदलविलें.

कोड दोन प्रकारच्या जागा मानतो. छपराखालच्या, नुसत्या दमट जागीं प्लग काढून झांकण लावल्यावर पाणी आंत गेलें नाहीं म्हणजे पुरे. परंतु पाऊस थेट लागतो तेथें प्लग लावलेला असतांनाहि आंत पाणी शिरतां कामा नये. म्हणून डब्यासारखें फुगीर झांकण, व वायर बाहेर पडण्यास खालीं खांच. कंदील लावून मनुष्य फराळास आंत जाणार आणि तो कंदील पंधरा दिवस तसाच राहणार, हें नियम करणारांनीं पुरतें ओळखलें होतें. एवढ्यावरहि त्यांचें समाधान नाहीं. झांकणें तुटतात, उघडीं राहतात. म्हणून २००८ च्या आवृत्तीपासून खुद्द सॉकेटहि ऊनपावसास टिकणारें लागतें. त्याचें प्लॅस्टिक उन्हानें तडकूं नये, धातु गंजूं नये; तोंडावर ‘डब्ल्यू. आर.’ हीं अक्षरें असतात.

शेवटचा पहारेकरी जी. एफ. सी. आय.; घराबाहेर तो १९७३ पासून सक्तीचा. जाणाऱ्या व परतणाऱ्या प्रवाहांत ४ ते ६ मिलिअँपिअरचा फरक पडतांच तो क्षणार्धांत वीज तोडतो. बर्कले येथील प्राध्यापक चार्ल्स डॅलझील यांनीं स्वयंसेवकांच्या हातीं तार देऊन, ती किती प्रवाहापर्यंत सोडतां येते तें मोजलें होतें. जवळजवळ सर्व पुरुषांस ९, व स्त्रियांस ६ मिलिअँपिअरपर्यंत हात सोडवितां येतो, असा त्यांचा निष्कर्ष. पुढें १९६१ मध्यें हें यंत्रहि त्यांनींच काढलें. ते आंकडे वाचतांना नातीची मूठ आमच्या डोळ्यांपुढून हालेना.

ही सारी दक्षता १२० व्होल्टांच्या घरांत! आपल्याकडे २३० व्होल्ट आणि चार महिने पाऊस. तरी गणपतींत खिडकींतून काढलेल्या वायरीचा सांधा काळ्या चिकटपट्टीनें गुंडाळला कीं काम झालें. पुण्यास परतल्यापासून गच्चीवरील सॉकेटास तसें फुगीर झांकण कोठें मिळतें याची आम्हीं चौकशी चालविली आहे. शेजारी हंसतात.