एका फोटोच्या दोन प्रती

फोटोला मराठीत छायाचित्र म्हणतात आणि उर्दूत अक्स. एक भाषा सावली पाहते, दुसरी प्रतिबिंब. शाळेत दोन्ही भाषा शिकवताना आम्ही मुलांना हा फरक सांगतो आणि पुढे विचारतो, वसंताला उर्दूत काय म्हणतात? ‘बहार’ असे उत्तर येते. मग त्यांना सांगतो, की आटपाडीचा डाळिंबवाला शेतकरी ‘यंदा आंबे बहार धरला’ म्हणतो, तेव्हा तो हाच फारसी शब्द बोलत असतो. शब्द एका घरातून दुसऱ्या घरात जातात आणि दोन्हीकडचे होऊन राहतात. आमची लेकही अशीच दोन घरांची आहे. तिचे एक घर सांगलीत अम्मीजवळ, दुसरे साताऱ्यात आमच्याजवळ. आमच्या तलाकला पाच वर्षे झाली.

साताऱ्याला कॅमेरा घेऊन येणारे बहुतेक लोक कासच्या पठारासाठी येतात, तेही पावसाळ्याच्या उत्तरार्धात, फुले असताना. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर कासही जागतिक वारशाच्या यादीत गेले. फाल्गुन-चैत्रात तिथे जांभ्याचा उघडा कातळ आणि वाळलेले गवत असते, माणूस क्वचितच दिसतो. आम्हाला मात्र हेच दिवस आवडतात. डोंगरउतारावरच्या पळसाची पाने गळालेली असतात, म्हणून त्याची फुले उठून दिसतात. काटेसावर आणि पांगाऱ्याचेही तसेच. फजरची नमाज आटोपून निघाले की साडेआठपर्यंत काम होते. त्यानंतर ऊन वरून पडू लागते, सावल्या कडक होतात आणि पळसाचा केशरी रंग फोटोत नुसता डाग होऊन बसतो. एक्स्पोजर थोडे कमी ठेवले तरच पाकळ्या वेगळ्या दिसतात.

महिन्यातले दोन रविवार मात्र डोंगराचे नसतात, सांगलीचे असतात. पहाटेची एसटी, कराड, पेठ नाका, आष्टा आणि मग सांगली, असे सुमारे सव्वाशे किलोमीटर. कृष्णाही साताऱ्याहून सांगलीलाच जाते. माहुलीला तिला वेण्णा मिळते, कराडला कोयना, सांगलीजवळ हरिपूरला वारणा. एसटी कुठे पोहोचली हे लेकीला फोनवर सांगायचे, तर आम्ही गावाऐवजी नदीचे नाव सांगतो. तिला ते पाठ झाले आहे.

थोडा वेळ वाट्याला आलेल्या बापापुढे एक मोह असतो. प्रत्येक भेट ईदसारखी साजरी करावी, हॉटेल, आइस्क्रीम, नवे कपडे, आणि या सगळ्याचे फोटो. अशाने मुलाला बाप मिळत नाही, पाहुणा मिळतो. म्हणून आम्ही पहिल्यापासून ठरवले, की रविवारी रोजचीच कामे करायची. गृहपाठ, नखे कापणे, सायकलचा पंक्चर काढून आणणे. फोटो निघतील ते त्यातूनच. आयर्विन पुलावर उभे राहून पाणी किती उतरले ते पाहतानाचा एक आहे. तासगावकडे बेदाण्याच्या शेडमधला एक आहे. तिथे द्राक्षे द्रावणात बुडवून जाळ्यांवर पसरतात आणि सावलीत साधारण दोन आठवड्यांत त्यांचा बेदाणा होतो. “उन्हात लवकर वाळतील की,” लेक म्हणाली. शेडमधल्या मावशींनी सांगितले, की उन्हात रंग काळवंडतो, सावलीत तो राहतो. त्या दिवशी कॅमेरा तिच्याकडे होता. तिने मावशींच्या हातांचा फोटो काढला.

मुलांचा फोटो त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवरून काढावा, असा नियम आहे. पूर्वी त्यासाठी गुडघे टेकावे लागत. आता थोडे वाकले तरी पुरते.

महिन्याच्या शेवटी आम्ही बारा फोटो निवडतो आणि ४ बाय ६ इंचाच्या दोन-दोन प्रती काढतो. एक संच आमच्या अल्बममध्ये लागतो, दुसरा लेकीच्या दप्तरातून सांगलीच्या घरी जातो. भिंतीवर आम्ही लावत नाही. सजीवांच्या तस्वीरीबद्दल उलेमांमध्ये मतभेद आहेत. काही जण कॅमेऱ्याचा फोटो हा आरशातल्या अक्सासारखा मानतात, काही जण पासपोर्टसारख्या गरजेपुरतीच सूट देतात. आमच्या वालिदांचे मत दुसऱ्या बाजूचे होते. नमाजच्या खोलीत फोटो नको, एवढे त्यांचे म्हणणे आम्ही आजही पाळतो. व्हॉट्सॲपच्या स्टेटसवरही आम्ही लेकीचे फोटो ठेवत नाही. विभक्त घरांत स्टेटसचा फोटो क्वचितच नुसता फोटो असतो. ‘बघा, मूल आमच्याकडे किती खूश आहे’ हे कुणाला तरी सांगायचे असते. पुढे तोच फोटो पुरावा म्हणून वकिलाच्या फाइलला लागतो. मूल मोठे झाल्यावर अल्बम उघडेल, तेव्हा आपले हसू कुणाविरुद्ध वापरले गेले, हे त्याला कळू नये.

यंदा लेकीला बारावे वर्ष लागले आणि नातेवाइकांत वेगळीच चर्चा सुरू झाली. “मुलगी मोठी झाली, आता तिला तुमच्याकडे आणा. हक्क तुमचा आहे.” हे बोलणे अगदी निराधार नाही. हनफी फिकहमध्ये हिज़ानत, म्हणजे मुलांचा सांभाळ, मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत आईकडे असतो. खर्चाची जबाबदारी मात्र पहिल्या दिवसापासून बापाची असते. आपल्या देशातली न्यायालये १८९० चा पालक आणि पाल्य कायदा पाहतात. त्यात वैयक्तिक कायद्याला जागा आहे, पण कौल मुलाच्या हिताकडे पाहून द्यायचा असतो, आणि मूल समजत्या वयाचे असेल तर त्याची पसंतीही विचारात घेता येते. सूरह बकराच्या २३३ व्या आयतीत आईला मुलापायी त्रास देऊ नये आणि बापालाही देऊ नये, अशा आशयाची ताकीद आहे. हक्क असणे आणि तो बजावणे यांच्यामध्ये ही आयत उभी आहे, असे आम्हाला वाटते.

निर्णयाआधी आम्ही पाच वर्षांचे अल्बम काढून बसलो. साताऱ्याचे फोटो चांगले आले आहेत. उजेड नेमका, मागचा डोंगर स्वच्छ. पण त्या जवळजवळ सगळ्या फोटोंत लेक एकटी आहे. सांगलीच्या फोटोंत तिच्या बाजूला कुणीतरी अर्धवट येतेच. मैत्रिणीचे कोपर, नानींचा दुपट्टा, शेजारच्या मुलाची सायकल. फोटोच्या हिशेबाने हे दोष आहेत, चौकट नीट धरली नाही असेच कुणीही म्हणेल. मुलीच्या आयुष्याच्या हिशेबाने मात्र ती माणसे तिची आहेत.

तरीही तिला विचारले. तिने थोडा विचार केला आणि उलट विचारले, “मी साताऱ्याला आले, तर मग अम्मी रविवारी एसटीने येणार का?” आम्ही नातेवाइकांना सांगितले, की लेक तिच्या शाळेजवळ, तिच्या अम्मीजवळ राहील आणि एसटीचा प्रवास आमच्याकडेच राहील. काहींना हे रुचले नाही. तिच्या अम्मीचा फोन आला. सुट्टीत लेकीला साताऱ्यात आणखी आठ दिवस ठेवा, एवढेच त्या बोलल्या.

गेल्या वर्षी, २०२५ मध्ये, ३० मार्चला गुढीपाडवा आला आणि ३१ मार्चला ईद. दोन्ही सण एकाच अमावास्येनंतरचे. आपल्या हिजरी वर्षात अधिक महिना नसतो, म्हणून रमजान दर वर्षी सुमारे अकरा दिवस मागे सरकतो आणि काही वर्षांनी वसंत सोडून जातो. पाडव्याच्या संध्याकाळी आम्ही गच्चीवर ट्रायपॉड लावून चंद्रकोर टिपली, ती सुरेख आली. तेवढ्यात सांगलीहून लेकीने अम्मीच्या मोबाइलवर काढलेला चंद्र पाठवला, काळ्या चौकटीत एक पांढरा ठिपका. ईद तिची तिकडे झाली, बासी ईदला ती आमच्याकडे आली. त्या महिन्याच्या बारा फोटोंत आम्ही तिचा ठिपकाच घेतला.

ज्या घरांत असे अंतर पडले आहे, त्या बंधू-भगिनींना एवढेच सुचवावेसे वाटते. मुलाचा फोटो काढाल, तेव्हा त्याची एक प्रत दुसऱ्या घरी जाऊ द्या. मूल दोघांकडे अमानत आहे, त्याचे बालपणही दोघांनी पाहिलेले असावे. स्टुडिओवाल्याला दुसरी प्रत काढायला फार वेळ लागत नाही.