लहान मिळकतीचा हिशेब

परदेशीं गेलेल्या मुलाबाळांच्या बढतीच्या वार्ता आपण चारचौघांत सांगतों. आजारपणाच्या मात्र उंबऱ्याच्या आंतच राहतात. त्यामुळें तिकडे माणूस कामास असमर्थ झाला म्हणजे त्याच्या निर्वाहाची व्यवस्था कशी होते, हें आपणांपैकीं थोड्यांसच ठाऊक असतें.

आमचा एक भाचा अमेरिकेंत न्यू जर्सी येथें असतो. बरींच वर्षें नोकरी केल्यावर मज्जातंतूंच्या विकारामुळें ती त्यास सोडावी लागली. तेथील सोशल सिक्युरिटी खात्याकडून आतां त्यास दरमहा अपंगवेतन मिळतें. हा धर्मादाय नव्हे. पगारांतून जो कर कापला जात होता, त्याच्याच आधारें हें वेतन मिळतें. २०२५ सालीं त्यानें घरबसल्या मुलांस संस्कृत शिकविण्यास आरंभ केला. शिष्य पडद्यावर, गुरुजी खाटेवर! महिन्याकाठीं साडेतीनशें डॉलर मिळूं लागले, आणि ते खात्यास कळवावे कीं नाहीं, ह्यावरून घरांत वाद सुरू झाला. भाचेसून आम्हांस फोनवर म्हणाली, "मामा, एवढ्याशा पैशांसाठीं खात्याला कशाला जागें करायचें? वेतन बंद पडलें तर घराचा हप्ता कोण भरणार?"

तिची भीति अगदींच निराधार होती असें नाहीं. म्हणून ते नियम आम्हीं मागवून घेऊन वाचले. पाणिनीच्या सूत्रांत ज्याचें आयुष्य गेलें, त्यास उत्सर्ग आणि अपवाद ह्यांचा धाक वाटत नाहीं.

नियम असा कीं, वेतन घेणाऱ्यानें कामाचा प्रयत्न करून पाहावा म्हणून त्यास नऊ महिने दिलेले आहेत. ते सलग असावे लागत नाहींत; साठ महिन्यांच्या अवधींत मोजले जातात. ह्या महिन्यांत कितीही मिळालें तरी वेतन पूर्ण मिळतें. मात्र काम कळविलेलें असावें व व्याधि कायम असावी. स्वतःच्या धंद्यांत खर्च वजा जातां महिन्यास १,१६० डॉलरांहून अधिक उरलें, किंवा ८० तासांहून अधिक काम झालें, तरच २०२५ सालीं तो महिना ह्या नवांत धरला जाई. तास मोजण्याचें कारण उघड आहे: नव्या धंद्यांत श्रम पुष्कळ आणि प्राप्ति थोडी असते. आमच्या भाच्याचें काम महिन्यास तीस तासांचें. त्याचा एकही महिना मोजणींत येत नव्हता. वेतनांतून एक सेंटही कमी होण्याचें कारण नव्हतें.

मग कळवायचें कशाला? तर वर्षांत अशा कामांतून निव्वळ ४०० डॉलर मिळाले कीं स्वयंरोजगाराच्या कराचें पत्रक भरावें लागतें, आणि त्यांतील मिळकत त्याच सोशल सिक्युरिटीच्या खात्यांत त्याच्या नांवावर नोंदली जाते. एका खिडकींत लपविलेलें दुसऱ्या खिडकींतून पोंचतेंच. फक्त उशिरा, आणि मग प्रश्नांची पत्रें घेऊन. मिळकत वाढून वेतन जास्त दिलें गेलें असेल, तर तें परत मागितलें जातें. उलट, वेळीं कळविणाऱ्यास पावती देणें २००४ च्या कायद्यानें खात्यावर बंधनकारक केलें आहे. ती पावती जपून ठेवावी.

नऊ महिने संपल्यानंतरची व्यवस्था मात्र आम्हांस पटत नाहीं. तेव्हां हिशेबांत धरलेली मिळकत एका मर्यादेपलीकडे गेली (२०२५ सालीं ती १,६२० डॉलर होती), कीं सवलतीचे तीन महिने सरल्यावर त्या महिन्याचें सगळेंच वेतन थांबतें. निर्धन अपंगांसाठीं तेथें जें निराळें साहाय्य आहे, त्यांत ठराविक रक्कम सोडून उरलेल्या मिळकतीच्या निम्मेच वजा होतें. तिकडे उतार, इकडे कडा. हा भेद कां ठेवावा?

परंतु त्याच प्रकरणांत एक कलम वाचून आम्हांस फार आनंद झाला. धंद्यांत घरचें माणूस विनामोबदला मदत करीत असेल, तर ती मर्यादा पाहतांना त्याच्या श्रमाचें वाजवी मोल मिळकतींतून वजा होतें. विद्यार्थ्यांच्या वेळा ठरविणें, फी घेणें, वही लिहिणें हें सर्व भाचेसून करते. आम्हीं तिला तें कलम वाचून दाखविलें. ती कांहीं वेळ बोललीच नाहीं. मग म्हणाली, "सोळा वर्षांत माझ्या कामाचा दर कोणीं विचारला नव्हता."

पुढल्याच आठवड्यांत तिनेंच मजकूर लिहून पाठविला. पावती आली. दर काय लावावा, हें मात्र अद्याप ठरलेलें नाहीं. नवरा तासाला वीस डॉलर म्हणतो, ती पंचवीस म्हणते.