फळ्यावर नसलेल्या पायऱ्या
मोहेंजोदडोचे महास्नानगृह मी अनेक वर्षे फळ्यावर एक चौकोन काढून शिकवले. गतवर्षी वसतिगृहातील एका विद्यार्थ्याने मला ‘माइनक्राफ्ट’ या ऑनलाइन खेळासाठी नकाशा रचण्यास शिकवले. तेथे एक ठोकळा म्हणजे एक मीटर; म्हणून कुंडाची लांबी 12 ठोकळे, रुंदी 7. विटेचे चित्र 16 बाय 16 पिक्सेलमध्ये रंगवताना माझा हात थरथरत असे. एके दिवशी तो म्हणाला, “सर, पाण्यात उतरायचे कोठून?” मी निरुत्तर झालो. पुस्तक उघडले. उत्तरेस व दक्षिणेस पायऱ्या होत्या; माझ्या फळ्यावर त्या कधीच नव्हत्या. आता मुले त्याच पायऱ्यांनी कुंडात उतरतात. पन्नाशीनंतर पुन्हा विद्यार्थी होता आले, हे या शाळेचे माझ्यावरील ऋण आहे.