अनोळखी पिशवी

मुलांनो, सुट्टीत दोन दिवस पाऊस लागला, की तुम्ही म्हणता, "बाई, घरात जीव रमत नाही!" तेव्हा मला माझा धाकटा भाऊ आठवतो.

मार्च २०२०. करोनामुळे टाळेबंदी लागली. तो तेव्हा कॉलेजात होता. त्याला लहानपणापासून थॅलेसेमिया. या आजारात अंगात पुरेसं चांगलं रक्त तयारच होत नाही. दर दोन ते चार आठवड्यांनी दुसऱ्याचं घ्यावं लागतं. त्याला संसर्ग होऊ नये म्हणून पंचवटीतल्या आमच्या घरात मागची खोली त्याची एकट्याची झाली. आई दाराशी ताट ठेवून मागे सरायची.

पण रक्ताला टाळेबंदी कुठली? कॉलेजं बंद, म्हणून तिथली रक्तदान शिबिरंही बंद. आणि रक्ताची पिशवी फार तर ४२ दिवस टिकते. साठवणार तरी किती?

मला सुईची भारी भीती. तरी गेले. माझा गट वेगळा. माझं रक्त दुसऱ्याच कुणाला गेलं. भावाला मिळालं, तेही कुणा अनोळखी माणसाचं.

घरी आल्यावर दाराआडून त्यानं विचारलं, "ताई, कोण असेल गं तो?"

मला काय ठाऊक!

अठरा पूर्ण झाली, की तुम्हीही रक्त देऊ शकाल. सुईला भ्यालात तरी चालेल. मी अजून भिते, पण देते.