शापित उमराव आणि आम्ही

आमच्या पिढीनं इंग्रजी कादंबऱ्या वाचल्या त्यापेक्षा आणल्या जास्त. तरसालीत राहणाऱ्याला तर आणण्यावाचून गत्यंतरच नव्हतं. तेव्हाची तरसाली म्हणजे बडोद्याच्या दक्षिणेचं एक गाव. तळं, शेतं, आणि मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत नोकरी लागली म्हणून जवळपास स्वस्तात जागा बघून आलेली आमच्यासारखी काही मराठी बिऱ्हाडं. दांडिया बाजारातल्या आणि रावपुऱ्यातल्या नातेवाइकांच्या लेखी आम्ही बडोदं सोडूनच गेलेलो. पुस्तक हवं असेल तर सिटी बस धरायची, न्यायमंदिरला उतरायचं, लहेरीपुरा दरवाज्यातून मांडवीकडे चालत जायचं आणि सेंट्रल लायब्ररीत नंबर लावायचा. परत येताना बसमध्ये पुस्तक मांडीवर असं धरायचं, की शेजारच्याला नाव दिसावं. निदान ते इंग्रजी आहे एवढं तरी दिसावं.

आता तरसाली बायपासच्या अलीकडे सोसायट्याच सोसायट्या झाल्यात, आणि पुस्तक चालत फाटकापर्यंत येतं. डिलिव्हरीचा मुलगा ओटीपी विचारतो, पाकीट देतो आणि पुढच्या गेटकडे पळतो. तेवढाही धीर नसेल तर फोनवर बोट टेकवायचं, कादंबरी हजर. बसमध्ये कोण काय वाचतंय ते कळत नाही. शेजारची मुलगी व्हर्जिनिया वुल्फ वाचत असेल, नाहीतर विजेचं बिल भरत असेल.

सेंट्रल लायब्ररीचा अभिमान आम्हाला होता, पण तो बराचसा पाहुण्यांना दाखवण्यापुरता. सयाजीरावांनी 1910 मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन नावाच्या ग्रंथपालाला आणवलं, त्यानं सगळ्या संस्थानभर वाचनालयांचं जाळं विणायला घेतलं, खेड्यापाड्यांत पुस्तकांच्या लाकडी पेट्या फिरू लागल्या. मांडवीच्या या लायब्ररीत पुस्तकांचे मजले काचेच्या जमिनीचे आहेत. उजेड वरून खाली झिरपावा आणि अंधाऱ्या कपाटातलं पुस्तकाचं नावही वाचता यावं, हा हेतू. खाली उभं राहिलं की डोक्यावरून कोणाच्या तरी चपलांच्या सावल्या चालत जायच्या. त्याच्याही आधीची गोष्ट म्हणजे श्रीअरविंदांची. 1893 ते 1906 ते बडोद्यात होते, बडोदा कॉलेजात इंग्रजी शिकवत, आणि त्यांची पुस्तकं मुंबईच्या आत्माराम राधाबाई सगुण आणि थॅकर यांच्या दुकानांतून रेल्वेनं खोकी भरभरून यायची. म्हणजे वाट त्यांनीही पाहिली. फरक एवढाच, की खोकं आल्यावर ते ती वाचत.

आमचं इंग्रजी मुळात उशिरा सुरू झालेलं. गुजरातेत त्या काळी इंग्रजी आठवीपासून, त्यामुळे मिसरूड फुटायला आणि एबीसीडी गिरवायला एकच मुहूर्त. मग पुढच्या काही वर्षांत थेट विद्यापीठाच्या आर्ट्स फॅकल्टीच्या घुमटाखाली जेम्स जॉइस समोर. 1922 चं 'युलिसिस', त्यात डब्लिन शहरातला एक दिवस, आणि तो एक दिवस आमच्याकडून अख्ख्या वर्षात उरकला नाही. वुल्फच्या 'टू द लाइटहाउस'मध्ये माणसं दीपगृहावर जायचं म्हणतात आणि पुस्तक जवळजवळ संपेपर्यंत जात नाहीत. ते आम्हाला फार जवळचं वाटलं, कारण आमचंही प्रकरण पुढे जात नव्हतं. परीक्षेला मात्र आम्ही संज्ञाप्रवाहावर चार पानं लिहून आलो. गाईड जिंदाबाद. मराठीत मर्ढेकरांनी 1942 मध्येच 'रात्रीचा दिवस' लिहून हा प्रवाह घरात आणला होता, पण घरातलं पुस्तक मांडीवर धरून बसमध्ये कोण मिरवणार?

आजच्या मुलांना पहिलीपासून इंग्रजी असतं, तिसरीत ती त्यात भांडतात आणि दहावीत त्यात स्वप्नं पाहतात. आम्ही डिक्शनरी मांडीवर घेऊन एक पान दोन तासांत सर करायचो. त्यांना अडलेल्या शब्दावर बोट दाबलं की अर्थ उगवतो. हे चांगलंच आहे. ते वाईट आहे असं म्हणणारा आमच्यापैकी कोणी भेटला, तर त्यानं 'युलिसिस' कितव्या पानावर सोडलं ते विचारावं.

खरं वाचन दुसरीकडे चालायचं. घराजवळच्या एका खासगी सर्क्युलेटिंग लायब्ररीत, म्हणजे एका अंधाऱ्या गाळ्यात, जिथे पुस्तकं दिवसाच्या भाड्यानं मिळायची. तिथे व्हिक्टोरिया होल्ट होती, जॉर्जेट हेयर होती आणि न संपणारी बार्बरा कार्टलंड होती. या बाईंच्या नावावर सातशेच्या वर पुस्तकं आहेत, आणि कुठलंही उघडा, आत एखादा ड्यूक किंवा मार्क्विस रुसून बसलेला. होल्टच्या पुस्तकात समुद्रकाठचा कडा, कड्यावर वाडा, वाड्याचा मालक उमराव, त्याच्या घराण्याला शाप, पहिली बायको गूढ रीतीनं मेलेली, आणि दारात ट्रंक घेऊन नवी गव्हर्नेस उभी. ती शेवटी त्याच्याशी लग्न करणार हे पहिल्याच पानावर कळायचं. तरी आम्ही रात्र रात्र जागायचो.

भाडं दिवसाचं असल्यानं एका पुस्तकावर सगळं घर तुटून पडायचं. दुपारी वहिनी वाचायची, रात्री मी. तिची खूण बसचं तिकीट, माझी खूण आगपेटीची काडी. आपलं तिकीट काडीच्या मागे पडलं की वहिनी रात्रीच्या भाकऱ्या घाईत उरकायची आणि म्हणायची, "भाऊजी, पुढचं सांगायचं नाही हं." पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं असे, धूळ लागू नये हे सांगायचं कारण, आणि आतल्या चित्रातल्या बाईच्या झग्याचा गळा आमच्या आईला दिसू नये हे खरं. मी तर होल्टबाई 'द वेव्ह्ज'च्या पोटात घालून वाचल्या आहेत. वडील खोलीत डोकावले की त्यांना वुल्फ दिसायची, आणि ते समाधानानं दार लोटून घ्यायचे.

एकदा आणलेल्या पुस्तकाची शेवटची पानंच नव्हती. गाळेवाल्यानं खांदे उडवले आणि भाडं पूर्ण घेतलं. मग गच्चीत पापड वाळत घालताना वहिनीनं शेवट रचला. मेलेली म्हणतात ती पहिली बायको मेलेलीच नाही, तीच घरची हाउसकीपर होऊन राहिलीय, आणि ती नव्या नवरीला म्हणते, हा माणूस तुला घे, मला फक्त वाडा हवाय. पुष्कळ वर्षांनी त्या कादंबरीचा खरा शेवट मी फोनवर वाचला. वहिनीचा सरस होता.

असली पानं आता फाटत नाहीत. फाटलीच तर दुसरी प्रत मिळते, आणि शेवट आवडला नाही तर वाचकच तो बदलून लिहितात आणि हजारो माणसं ते वाचतात. वहिनीचा शेवट मात्र तरसालीतल्या एका गच्चीपलीकडे गेला नाही. हे जुन्या काळाच्या बाजूनं सांगावं की विरुद्ध, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

शापित उमरावांची हौस आमचीच होती असंही नाही. आजोबा-पणजोबांच्या पिढ्यांनी डिकन्सपेक्षा रेनॉल्ड्स या इंग्रज कादंबरीकारावर जास्त तेल जाळलं. लंडनच्या दरबारातली गुपितं सांगणारे त्याचे जाडजूड भाग हिंदुस्थानभर फिरत, आणि 1846-47 मध्ये आलेल्या त्याच्या 'वॅग्नर'मध्ये एक म्हातारा धनगर तारुण्य आणि संपत्तीच्या मोबदल्यात दर महिन्याला लांडगा व्हायचं कबूल करतो. आपल्या हरिभाऊ आपट्यांची 1885 ची पहिली कादंबरी 'मधली स्थिती' ही रेनॉल्ड्सच्याच आधारावर उभी आहे. ज्या माणसानं पुढे मराठी कादंबरीला खऱ्या घरातली खरी दुःखं दाखवली, त्यानं सुरुवात रेनॉल्ड्सचं बोट धरून केली, याचा आम्हाला मोठा दिलासा वाटायचा.

आणि प्रयोगाचं नि शापित उमरावाचं, ही दोन्ही घराणी तशी एकाच दशकातली. लॉरेन्स स्टर्नचं 'ट्रिस्ट्रॅम शँडी' 1759 पासून खंडाखंडानं येत होतं. नायक सांगायला बसतो स्वतःचं चरित्र, पण जन्मापर्यंत पोचायलाच त्याला कित्येक प्रकरणं लागतात; मध्येच एक पान नुसतं काळं, एक वाचकानं स्वतः भरावं म्हणून कोरं. ते खंड निघत असतानाच 1764 च्या अखेरीस होरेस वॉल्पोलचं 'कॅसल ऑफ ओट्रँटो' आलं : घराण्याला भोवणारं भाकीत, लग्नाच्या दिवशी आकाशातून पडलेलं अजस्र शिरस्त्राण आणि त्याखाली चिरडलेला राजपुत्र. पहिल्या आवृत्तीवर वॉल्पोलनं स्वतःचं नावही घातलं नाही, जुन्या इटालियन पुस्तकाचं भाषांतर म्हणून ते खपवलं. लपवाछपवी इतकी जुनी आहे. आम्ही मात्र एकाला दिवाणखान्यात बसवलं आणि दुसऱ्याला उशीखाली.

हल्ली उशीखाली काहीच नसतं. पुतण्याची मुलगी कॉलेजात जाते. तिच्या टेबलावर शापित उमराव राजरोस ओळीनं उभे आहेत, पानांच्या कडा रंगवलेल्या, पुठ्ठ्यावर सोनेरी वेलबुट्टी. तिनं मला सारा मासचं 2015 चं 'ए कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस' दाखवलं. त्यातला सरदार शापामुळे चेहऱ्यावरचा मुखवटा काढू शकत नाही आणि एका मानवी मुलीच्या प्रेमाशिवाय त्याची सुटका नाही. म्हटलं, हा तर आमचाच, फक्त वाडा बदललाय. ती म्हणाली, "आजोबा, आम्ही आधी ट्रोप बघतो. एनिमीज टू लव्हर्स आहे का, स्लो बर्न आहे का. मग वाचायचं की नाही ते ठरवतो." आम्ही हे भाजीवाल्याकडे करायचो, पुस्तकवाल्याकडे करायची लाज वाटायची. ती कुठल्याशा ब्राझीलमधल्या मुलीशी त्या सरदाराच्या स्वभावावर तासभर चर्चा करते, आणि घरात कोणी तिला अभ्यास सोडून हे काय, असं विचारत नाही. वहिनीला अशी एक तरी मैत्रीण मिळायला हवी होती. वहिनीला ड्यूकबद्दल बोलायला फक्त मी होतो, आणि मी निम्मा वेळ वुल्फ वाचत असल्याचं सोंग करत होतो.

हे सगळं मान्य करूनही ती काडी आणि ते तिकीट मला हवं आहे. भाड्याची मुदत, चपलांच्या सावल्या, उशिराच्या दंडाची सुटी नाणी मुठीत धरून काउंटरकडे सरकणं, हे हवं आहे. ते परत आलं तर आठवडाभरात मी वैतागेन, हेही ठाऊक आहे.

पुतण्याच्या मुलीनं हट्टच केला, तुमच्या काळातलं एक सुचवा. मीही तिरकसपणे वुल्फचं 1928 चं 'ऑर्लँडो' सांगितलं : एलिझाबेथ राणीच्या काळातला तरुण उमराव, तीनेकशे वर्षं जगतो, मध्येच झोपेतून उठतो तो बाई होऊन, आणि मोटारींच्या जमान्यापर्यंत येऊन पोचतो. प्रयोगाचा प्रयोग, उमरावाचा उमराव. वाटलं, दहा पानांत टाकेल. तिनं ते फोनवर, बसनं कॉलेजला जाता-येता, त्याच आठवड्यात संपवलं.

"मस्त आहे," ती म्हणाली. "पण आजोबा, त्याला शाप कोणी दिला ते कुठेच लिहिलेलं नाही. पुढच्या भागात आहे का?"

पुढचा भाग नाही, असं मी सांगितलं. तिला ते पटलं नाही. ती तिथल्या तिथे शोधायला लागली.