शून्याच्या दाराशीं

अकरावी-बारावीच्या गणिताविषयीं घरोघरीं जी चर्चा चालते ती बहुधा गुणांची असते. फार तर मुलानें गणित घ्यावें कीं जीवशास्त्र, या कुलधर्माच्या प्रश्नाची. त्या दोन वर्षांत एक अगदीं नवा विचार त्याच्यापुढें येऊन उभा राहतो, याची दखल क्वचितच कोणी घेतो.

तोंवरचें गणित कितीहि अवघड असलें तरी हिशेबाच्या जातीचें असतें. पायऱ्या बरोबर चढल्या कीं मुक्काम आला. कलनशास्त्रांत मात्र 'सीमा' भेटते. ('लिमिट' म्हटलें म्हणजे सर्वांस ओळख पटेल.) हवेचा अडथळा सोडला, तर वरून टाकलेला दगड जितके सेकंद पडेल त्यांच्या वर्गाच्या ४.९ पट मीटर खालीं येतो. मग बरोबर दोन सेकंद झाले त्या क्षणीं त्याचा वेग किती? क्षणाला लांबी नाहीं, त्यांत दगड हलत नाहीं, आणि शून्यानें भागावयास तर मनाई! म्हणून पुढचा थोडासा वेळ घ्यावयाचा. दशांश सेकंद घेतला तर सरासरी वेग सेकंदाला २०.०९ मीटर येतो. शतांश घेतला तर १९.६४९, सहस्रांश घेतला तर १९.६०४९. आंकडे १९.६ च्या दाराशीं घोटाळतात, आंत पाऊल ठेवीत नाहींत. आणि तरीहि आपण म्हणतों, वेग १९.६ आहे. हें 'तरीहि' ज्याला टोंचलें नाहीं तो कलनशास्त्र शिकला, असें मी म्हणणार नाहीं.

थोरामोठ्यांनाहि तें टोंचलें आहे. ग्रहांच्या तात्कालिक गतीचा विचार आपल्या भास्कराचार्यांनीं ११५० सालच्या 'सिद्धान्तशिरोमणी'त केला होता. सतराव्या शतकांत न्यूटन व लायब्निट्झ यांनीं स्वतंत्रपणें हें शास्त्र उभारलें. पण १७३४ सालीं बर्कले नांवाच्या बिशपनें खोडा घातला: तुमची ही अतिसूक्ष्म वाढ शून्य असेल तर तिनें भागतां कसे, आणि शून्य नसेल तर शेवटीं ती सोडून देतां कशी? निःशंक उत्तर मिळावयास कोशी आणि वायरस्ट्रास यांची, म्हणजे एकोणिसाव्या शतकाची, वाट पाहावी लागली.

तो प्रश्न आमचे शिकवणीवर्ग एका दुपारीं उरकतात, आणि मग सूत्रांचा तक्ता येतो. सूत्रें पाठ करण्याला माझा विरोध नाहीं. पाढ्यांवांचून कोणाचें भागलें आहे? शंकेला गुण कसे द्यावेत हें परीक्षकाला तरी कसें सांगावें? पण पहिल्या वर्षाच्या माझ्या वर्गांतील एका मुलीनें तासानंतर भीतभीत विचारलें, "सर, मग आपण शून्यानें भागतों कीं नाहीं?" बारावींत तिला गणितांत शंभरांपैकीं अठ्ठ्याण्णव गुण होते. हाच प्रश्न तिनें शिकवणीलाहि विचारला होता. "असलें परीक्षेंत येत नाहीं," एवढेंच उत्तर मिळालें, आणि आपलें डोकें गणिताचें नाहीं असें तिनें ठरवून टाकलें होतें! बिशपाच्या पंक्तीला बसणारी ही मुलगी अर्थशास्त्राकडे जाण्याच्या बेतांत होती.

मीं तिला दगडाचें उदाहरण घालून दिलें. दोन दिवसांनीं तिनें तीन सेकंदांचें गणित करून आणलें. मीं फक्त पुढचा वेळ घ्यावयास सांगितलें होतें. तिनें अलीकडचाहि घेतला होता. एक रांग उतरत २९.४०४९ वर आली होती, दुसरी चढत २९.३९५१ वर. मधली जागा तिनें मोकळी ठेवली होती.