रामटेकच्या वाटेवर घराचा हिशेब

पहिले घर ही बहुतेक कुटुंबांच्या आयुष्यातील सर्वांत मोठी खरेदी असते आणि बहुधा ती सर्वांत कमी अनुभवाच्या वयात करावी लागते. मालाची खरेदी करताना दहा पेढ्यांवर चौकशी करणारे आपले तरुण घराच्या बाबतीत मात्र चौरस फुटाचा दर विचारून थांबतात. बँकेत असताना गृहकर्जाची अनेक प्रकरणे नजरेखालून गेली. दर हा हिशेबाचा केवळ पहिला रकाना असतो, हे त्यावरून मनात ठसले.

नागपूरच्या इतवारीसारख्या जुन्या पेठांत एका छताखाली तीन पिढ्या नांदत आल्या. आता नव्या जोडप्यांना स्वतंत्र घर हवे असते आणि शहरातील भाव त्यांच्या आवाक्यात नसतात. साहजिकच नजर कामठी, काटोल, उमरेड, रामटेक अशा गावांकडे वळते. माझ्या भाच्यापुढेही हाच प्रश्न होता. तो इतवारीतील एका घाऊक कापडाच्या पेढीत हिशेब पाहतो. पत्नी आणि चार वर्षांची मुलगी असा त्याचा संसार. रामटेकला एक लहानसे घर त्यांना परवडत होते. "मामा, सही करण्यापूर्वी तुम्ही एकदा पाहून घ्या," असे त्याने म्हटले, म्हणून मार्गशीर्षातील एका कामाच्या दिवशी आम्ही एस.टी.ने निघालो. रविवारचा रस्ता खरा अंदाज देत नाही.

वाटेत प्रथम कामठी लागते. १८२१ साली येथे लष्करी छावणी वसली आणि तिच्या आधाराने मोठी बाजारपेठ उभी राहिली. पुढे रेल्वेचे जाळे वाढले, व्यापार नागपूरकडे सरकला आणि कामठीचे ते वैभव ओसरले. गावाचे दैव दळणवळणाने फिरते, याचे हे आपल्या दारातले उदाहरण. आज तेच चक्र उलट फिरण्याची चिन्हे आहेत. नागपूर मेट्रो ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत धावते आणि दुसऱ्या टप्प्यात तेथून कन्हान नदीपर्यंतचा मार्ग मंजूर झाला आहे. मात्र मंजूर मार्ग आणि धावणारी गाडी यांत अंतर असते. घराची किंमत देताना ते विसरू नये.

कन्हान ओलांडून महामार्गाने मनसरला पोहोचलो. मँगनीजच्या खाणी आणि वाकाटककालीन अवशेष यांमुळे हे गाव प्रसिद्ध आहे. तेथून उजवीकडे वळले की थोड्याच वेळात रामटेकचा गड दिसू लागतो.

रामटेक मनात भरणारे गाव आहे, हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. गडावर रामाचे मंदिर, पायथ्याशी अंबाळा तलाव, जवळच खिंडसीचे विस्तीर्ण जलाशय. कालिदासाच्या मेघदूतातील रामगिरी तो हाच, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादिले; १९९७ साली कवीच्याच नावाचे संस्कृत विश्वविद्यालय येथे स्थापन झाले. आपल्या समाजाला हे गाव श्री शांतिनाथ भगवंतांच्या अतिशय क्षेत्रामुळे परिचित आहे. आचार्यश्री विद्यासागरजी महाराजांचे एकाहून अधिक चातुर्मास येथे झाले. मुलींसाठी प्रतिभास्थली ही निवासी शाळाही येथे आहे. त्रिपुरी पौर्णिमेच्या यात्रेला बाजार फुलतो. दर्शन घेऊन बाहेर आल्यावर भाच्याचा चेहरा उजळला होता. घर त्याने मनात घेऊन टाकले होते.

परतीच्या बसमध्ये मी कागद काढला. शहरातील घर आणि येथील घर यांच्या किमतीत १५ लाखांचा फरक आहे, असे समजा. साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी तेवढ्या कर्जाचा हप्ता महिन्याला सुमारे १३,००० रुपये होतो. ही झाली बचत. आता दुसरी बाजू. इतवारी ते रामटेक अंतर सुमारे ५० किलोमीटर. जाऊन येऊन १००, आणि महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर २,५०० किलोमीटर. दुचाकी लिटरला ५० किलोमीटर चालली आणि पेट्रोल १०५ रुपये धरले, तर केवळ इंधनाला ५,२५० रुपये. कार लिटरला १५ किलोमीटर देत असेल, तर हाच आकडा १७,५०० होतो, म्हणजे बचत संपून वर तोटा. बस स्वस्त पडते. रामटेक हे रेल्वेचेही शेवटचे स्थानक आहे, पण गाड्या मोजक्या आणि पेढीच्या वेळेशी त्या जुळल्या पाहिजेत.

पैशात न मांडता येणारा रकाना वेळेचा. जाण्यायेण्यात रोज तीन तास धरले तर महिन्याला ७५ तास, म्हणजे तीन अहोरात्रींहून अधिक. मार्गशीर्षात नागपूरला साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. सूर्यास्तापूर्वी भोजन करणाऱ्या माणसाला शहरातील घरातूनही ही वेळ साधणे कठीण जाते. रामटेकहून येणाऱ्याला संध्याकाळचा डबा वर्षभर पेढीवरच उघडावा लागेल. रात्री तो घरी पोहोचेल तेव्हा मुलगी झोपलेली असेल. घरी आल्यावर सुनेने हा कागद वाचला आणि एवढेच म्हणाली, "घर आपल्या तिघांसाठी घ्यायचे, आणि यांनीच घरी नसायचे?"

याचा अर्थ रामटेक घर घेण्याजोगे नाही, असा मुळीच नाही. ज्याचे दुकान तेथेच आहे, जो शिक्षक तेथे नोकरी करतो, किंवा ज्याची पेन्शन सुरू झाली आहे, त्याच्यासाठी त्याच गावाचा हिशेब पूर्ण बदलतो. गाव तेच, दर तोच. फरक केवळ रोजगार कोठे आहे याचा.

गाव ठरल्यावर कागदांची पाळी येते. प्लॉट असेल तर अकृषक परवानगी, मंजूर लेआउट आणि सातबारा किंवा आखिव पत्रिका पाहावी. बांधकाम प्रकल्प असेल तर महारेराचा नोंदणी क्रमांक संकेतस्थळावर स्वतः पडताळावा. वकिलाकडून तीस वर्षांचा शोध अहवाल घ्यावा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के रक्कम देऊ शकते. साधारणतः मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी त्या किमतीत धरली जात नाही, म्हणून ती रक्कम हाताशी वेगळी ठेवावी. आणि शक्य असेल तर त्या गावात एक पावसाळा भाड्याने राहून पाहावे. पाणी किती वेळ येते, वीज किती वेळा जाते, रात्री डॉक्टर कोठे भेटतो, हे कोणत्याही माहितीपत्रकात छापलेले नसते.

भाच्याने आता कामठी-कन्हानच्या बाजूला घर पाहण्यास सुरुवात केली आहे. घर थोडे लहान मिळेल, हप्ता थोडा अधिक बसेल. पण मुलगी जागी असताना तो घरी पोहोचेल. रामटेकला ते तिघे दर्शनासाठी जात राहतील.